उपवासकाळातली घरची प्रार्थना: सात शुक्रवार आणि एक मेणबत्ती

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख घेऊन सगळे घरी येतात तेव्हा उत्साह दांडगा असतो. रोज जपमाळ म्हणायची, रोज बायबल वाचायचं, गोड खायचं नाही, मोबाईल बघायचा नाही. दुसरा आठवडा लागेपर्यंत त्यातलं निम्मं सुटतं आणि मग ‘आता पुढच्या वर्षी बघू’ म्हणत उरलेलंही सुटतं. आमच्या घरी काही वर्षं असंच झालं. म्हणून आधी एवढंच सांगते: थोडं ठरवा, सगळ्यांनी मिळून ठरवा आणि जे ठरवाल ते पास्कापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, न्या.

आदल्या रात्री पंधरा मिनिटं बसा

राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर सगळ्यांना एकत्र बसवा. मत्तयच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय उघडा आणि 1 ते 6 आणि 16 ते 18 या ओव्या कुणालातरी मोठ्याने वाचायला सांगा. राखेच्या बुधवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हेच वाचन असतं. दानधर्म, प्रार्थना आणि उपवास, तिन्ही गोष्टी त्यात येतात आणि तिन्ही लोकांना दाखवण्यासाठी करू नका, असं प्रभू सांगतो.

मग घराने मिळून एक गोष्ट ठरवायची आणि प्रत्येकाने स्वतःची एक. मुलांनी काय सोडायचं ते मुलांनाच ठरवू द्या. आईने लादलेला त्याग मुलाच्या लेखी शिक्षाच असते. ‘भावाला चिडवणार नाही’ असं कुणी लिहिलं तर ते चॉकलेट सोडण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, ते मनापासून मान्य करा.

प्रार्थनेचा कोपरा

एका छोट्या टेबलावर जांभळं कापड, त्यावर क्रूस, बायबल आणि एक मेणबत्ती. बाकी काही नको. कागदावर मुलांकडून ‘आलेलुया’ हा देवाच्या स्तुतीचा शब्द रंगवून घ्या, तो कागद एका डब्यात घाला आणि डबा कपाटात ठेवून द्या. उपवासकाळात चर्चमध्ये आलेलुया गायला जात नाही, तो थेट पास्काच्या आदल्या रात्रीच्या जागरण मिस्सात परत येतो. मुलांना ही गोष्ट शब्दांपेक्षा त्या बंद डब्यातून लवकर समजते.

रोजची प्रार्थना पाच ते सात मिनिटांची असावी. वेळ ठरलेली हवी, रात्रीच्या जेवणाआधीची सगळ्यात सोयीची. मेणबत्ती लावा, क्रूसाची खूण करा, त्या दिवसाच्या शुभवर्तमानातल्या चार-पाच ओव्या वाचा. मग एक मिनिट शांतता. पहिले काही दिवस मुलं एकमेकांकडे बघून खुदकन हसतील, हसू द्या. दहाव्या-बाराव्या दिवशी ती ज्योतीकडे बघत गप्प बसलेली दिसतात. त्यानंतर प्रत्येकाने एका वाक्यात कुणासाठी तरी प्रार्थना करायची आणि शेवटी सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हणायची. मेणबत्ती कुणी विझवायची याची पाळी लावून ठेवा, नाहीतर रोज भांडण होतं.

शुक्रवारची क्रूसाची वाट

मला सगळ्यात प्रिय आहे तो हा भाग. राखेच्या बुधवारपासून उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) धरून बरोबर सात शुक्रवार येतात आणि क्रूसाच्या वाटेची स्थानं, म्हणजे येशूच्या मरणदंडापासून कबरेपर्यंतचे प्रसंग, आहेत चौदा. दर शुक्रवारी दोन स्थानं घेतली की लहान मुलं कंटाळत नाहीत आणि मोठ्यांनाही त्या दोन प्रसंगांपाशी थांबता येतं.

पहिल्या शुक्रवारी येशूला मरणदंड होतो आणि तो क्रूस खांद्यावर घेतो. दुसऱ्या शुक्रवारी तो पहिल्यांदा पडतो आणि त्याला आई भेटते. इथे घाई करू नका. आमच्या धाकट्याने विचारलं होतं, “आईने त्याला उचललं का नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दोघं तशीच बसून राहिलो आणि मग मरियेची ‘नमो मरिया’ ही प्रार्थना एकदा म्हटली. तिसऱ्या शुक्रवारी सिरेनेचा शिमोन आणि वेरोनिका येतात. शिमोनला सैनिकांनी वाटेत धरून क्रूस उचलायला लावला होता. ‘मनात नसताना या आठवड्यात तू कुणाला मदत केलीस?’ एवढा एकच प्रश्न विचारा आणि मुलं काय बोलतात ते ऐका. चौथ्या शुक्रवारी दुसरं पडणं आणि यरुशलेमच्या स्त्रिया, पाचव्या शुक्रवारी तिसरं पडणं आणि वस्त्रं काढणं, सहाव्या शुक्रवारी खिळे आणि मरण. उत्तम शुक्रवारी उरतात शेवटची दोन: देह क्रूसावरून खाली घेतात आणि कबरेत ठेवतात. प्रत्येक स्थानाला गुडघे टेका आणि खोलीतल्या खोलीत का होईना, दोन पावलं पुढे सरका. ती वाट आहे, चालायलाच हवी.

उपवास आणि दान एकत्र

राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे सक्तीच्या उपवासाचे दिवस. 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत हा नियम लागू असतो: एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं. मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम 14 वर्षं पूर्ण झाल्यापासून लागतो. इतर शुक्रवारचं आपल्या धर्मगुरूंना विचारून घ्या. आजारी माणसांनी आणि गरोदर स्त्रियांनी उपवासाचा हट्ट धरू नये.

राखेचा बुधवार ते पास्काच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात. त्यातले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात, कारण रविवार प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासाचा नाही.

जे सोडलं त्याचे वाचलेले पैसे त्याच संध्याकाळी दानासाठी ठेवलेल्या एका बरणीत टाका. महिनाअखेरीला हिशेब करून एकरकमी टाकू नका. नाणं बरणीच्या तळाशी वाजतं तेव्हा मुलाला आपला त्याग कुणाच्या तरी कामी येणार हे कळतं.

एखादा दिवस चुकला तर

चुकणारच. दुसऱ्या दिवशी मेणबत्ती लावा आणि पुढे चला, कालची प्रार्थना आज दुप्पट करू नका. पवित्र सप्ताहाच्या, म्हणजे पास्काआधीच्या शेवटच्या आठवड्याच्या, आधी एकदा सगळ्यांनी प्रायश्चित्त संस्कार (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) घ्यावा. त्याच्या आदल्या रात्री आई-बाबांनी मुलांची क्षमा मागावी, नेमकं कशाबद्दल ते सांगून: ‘मंगळवारी मी तुझ्यावर विनाकारण ओरडले.’ हे बोलणं जड जातं, तरी बोला.

शेवटचे तीन दिवस

पवित्र गुरुवारी मिस्साहून आल्यावर एका घमेल्यात कोमट पाणी घेऊन घरातल्यांनी एकमेकांचे पाय धुवावेत. शुक्रवारी दुपारी तीन वाजता, जिथे असाल तिथे, काही क्षण गप्प राहा. शनिवारी दिवसभर मेणबत्ती लावायची नाही. त्या रात्री जागरण मिस्साहून परतायला कितीही उशीर झाला, मुलं अर्धवट झोपेत असली, तरी कपाटातला डबा काढा आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलाला तो उघडू द्या.