अडुसष्ट लिंगांची वाट : सल्लागाराचा खर्च कसा शोधावा, खराटा कसा धरावा

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, जवळ आली की सोलापुरात बाराबंद्यांना (यात्रेत घालायच्या पांढऱ्या अंगरख्यांना) इस्त्री होते आणि नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या, मार्गावर डांबर पडतं. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला यण्णीमज्जन, म्हणजे सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात स्थापन केलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक. सात नंदीध्वज ज्या वाटेनं जातात, ती आपल्या शहरातली चालण्याची सगळ्यात जुनी वाट असावी. वर्षाचे उरलेले महिने तिच्याकडे बघतात पुजाऱ्याच्या घरची माणसं, शेजारची एखादी आज्जी आणि आमच्यासारखी रविवारची टोळी. सरकारी आराखडा निघाला की मात्र आधी येतो तो आखून देणारा सल्लागार.

त्याला किती पैसे गेले आणि वाटेला किती मिळाले, हे शोधायचं असेल तर पुढची पद्धत वापरा. शहरातला भुईकोट किल्ला, चार हुतात्म्यांचे पुतळे, महापालिकेची जुनी इमारत इंद्रभुवन अशा कुठल्याही फेरीला ती चालते.

आधी वाट कुणाची ते ठरवा

एकाच फेरीत बरेच मालक भेटतात. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. रस्ता, दिवे, गटार महापालिकेकडे. देवळाचा गाभारा देवस्थानाकडे किंवा एखाद्या घराण्याकडे. काही कामं जिल्हा नियोजनाच्या निधीतून होतात, तर काही स्मार्ट सिटीच्या कंपनीनं केलेली असतात (सोलापूरची निवड जानेवारी २०१६ मध्ये, पहिल्याच यादीत झाली होती). एका वहीत प्रत्येक ठिकाणापुढे मालकाचं नाव लिहा. हे न करता अर्ज टाकला तर तो टपालातच फिरतो. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा असं कायदा म्हणतो. पण त्यावर विसंबू नका.

कागद मागा, कारण मागू नका

आमचा पहिला अर्ज असा होता : ‘सल्लागारावर एवढा खर्च का केला?’ एका ओळीचं उत्तर आलं, ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही.’ राग आला, पण चूक आमची होती. माहिती अधिकार कायदा २००५ प्रमाणे कार्यालयात जो कागद आहे तो मिळतो, खुलासा मिळत नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. मजकूर असा ठेवा :

‘अमुक मार्गाच्या विकास व सुशोभीकरणाच्या कामासंबंधी पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात : १) सल्लागार नेमणुकीचा कार्यादेश व करारनामा, शुल्काच्या टप्प्यांसह. २) सल्लागारास आजवर अदा केलेली देयके. ३) सल्लागाराने सादर केलेला अहवाल. ४) याच मार्गाच्या देखभाल-दुरुस्तीवर मागील तीन आर्थिक वर्षांत झालेला खर्च, वर्षनिहाय. ५) ठेकेदाराच्या करारातील दोषदायित्व कालावधीचे कलम.’

पाचवा मुद्दा कशाला ते पुढे येतंच. चौथा मुद्दा गाळू नका. नुसता सल्लागाराचा आकडा हातात आला तर तो मोठा की लहान हे ठरवणार कशावरून? त्याच वाटेच्या झाडलोटीला, दिव्यांना, फरशीला किती गेले हे शेजारी मांडलं की मग बोलता येतं.

प्रती पानाला दोन रुपयांनी मिळतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलं ते अर्धवट असलं, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जा, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथंही दाद लागली नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. मुदत उलटून गेल्यावर दिलेल्या माहितीचे पैसे घेता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

त्याहून सोपा रस्ता सोमवारचा आहे. २०१८ च्या शासन निर्णयानुसार महापालिका आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. आधी फोन करून खात्री करा. फाईल समोर आली की टिपणांची पानंही उलटा. करारापेक्षा जास्त गोष्टी तिथं कळतात.

देयक वाचायचं कसं

सल्लागाराचं शुल्क बऱ्याचदा कामाच्या किमतीच्या टक्क्यांत असतं. समजा ३ टक्के. काम १ कोटीचं असेल तर त्याला ३ लाख, तेच फुगून दीड कोटीचं झालं तर साडेचार. म्हणजे दगड साफ करा, फलक सरळ करा असला स्वस्त उपाय सुचवला तर त्याचंच नुकसान. त्यात कुणी चोरच असावा लागतो असं नाही. करारच तसा बांधलेला असतो. म्हणून टप्पे बघा. अहवाल दिला की निम्मे पैसे, आराखडा मंजूर झाला की आणखी, आणि काम पूर्ण झाल्यानंतरच्या देखरेखीला शेवटचा चिमूटभर वाटा असेल, तर जागेवर कुणी का फिरकत नाही हे वेगळं विचारावं लागत नाही.

पण सल्लागार म्हणजे उधळपट्टी, असंही धरून चालू नका. आम्ही एका जुन्या ओवरीच्या दगडांच्या फटी उत्साहानं सिमेंटनं भरल्या होत्या. चुन्याच्या बांधकामाला सिमेंट मानवत नाही. ओल आत अडकते, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आमच्याही फटीलगतचे दगड दोन पावसाळ्यांत सोलायला लागले. जुन्या बांधकामाचा जाणकार तेव्हा विचारला असता तर त्याची फी वसूल झाली असती.

खराटा उचलण्याआधी

दोषदायित्व कालावधी म्हणजे काम पूर्ण झाल्यावर ठरावीक मुदतीत काही उखडलं, तुटलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं. ही मुदत चालू असताना तुम्ही हौसेनं हललेली फरशी बसवली, वाकलेला फलक सरळ केला, तर ठेकेदाराचं काम फुकट करून दिलंत. शिवाय दोषाचा पुरावाही पुसलात. आधी तारखेसह फोटो, मग महापालिकेच्या झोन कार्यालयात लेखी तक्रार, त्यावर पोच. हात लावायचा तो कचऱ्याला, निर्माल्याला, तुंबलेल्या नालीला.

किल्ल्याच्या भिंतीला तर परवानगीशिवाय काहीच करू नका, गवतही उपटू नका. १९५८ च्या कायद्याखाली संरक्षित वास्तू आहे ती.

इतर ठिकाणी सामान साधं लागतं : खराटे, घमेली, गोण्या, नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिड घरी ठेवा. फटीतला पिंपळ ओढून काढायला जाऊ नका, मुळासोबत दगडही येतो. कोवळा असताना छाटत राहा. लिंगावरचा तेलाचा थर खरवडायचा की नाही हे पुजारी ठरवतील, आपण नाही. आणि घंटागाडीची वेळ आदल्या दिवशी पक्की करा. भरलेल्या गोण्या कोपऱ्यावर आठवडाभर पडून राहिल्या की सगळी गल्ली तुमच्यावरच ओरडते. उन्हाळ्यात सहाला सुरू करून आठला थांबा, मग कडक भाकरी न् शेंगाचटणी.

हजेरीची वही

नाव, वेळ, जागा, काय केलं, एवढंच लिहा. बाराजण, दोन तास, महिन्याचे चार रविवार : ९६ तास, म्हणजे आठ तासांचे बारा दिवस. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत अकुशल मजुराचा रोजचा दर असतो, त्यानं गुणा. ही रक्कम कुणाकडे मागायची नाही. पण वही नसेल तर तुमचे तास उद्या कुणाच्या तरी अहवालात ‘लोकसहभाग’ या एका शब्दात जमा होतात.

आता एकाच पानावर तीन आकडे लिहा : सल्लागाराला गेलेले, देखभालीला गेलेले, तुमच्या तासांची किंमत. खाली मागणी एकच ठेवा, पुढच्या वर्षी या वाटेच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येतं, म्हणून पान डिसेंबर संपायच्या आत द्या. गड्ड्याच्या तयारीच्या बैठका त्याच दिवसांत चालू असतात आणि अधिकारी एरवीपेक्षा लवकर भेटतात. पोच घ्यायला विसरू नका.