पुसण्याआधी कॅमेरा लावा

घर सोडायच्या दिवशी रिकाम्या खोल्या चित्रित करायचं मी ठरवलं होतं. कॅमेरा काढण्याआधी सवयीनं ओलं फडकं घेतलं आणि दारालगतची भिंत पुसली. तिथे खांद्याच्या उंचीवर एक करडा, तेलकट डाग होता. चपला घालताना तोल सावरायला आम्ही सगळे अकरा वर्षं तिथेच तळवा टेकवत आलो होतो. फडकं पिळताना लक्षात आलं, त्या घरात चित्रित करण्याजोगी सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती.

म्हणून, माणसाच्या वावराच्या अशा खुणा चित्रित करायच्या असतील तर पहिली गोष्ट: काही पुसू नका, सरळ करू नका, चांगलं दिसावं म्हणून हलवूही नका.

सुरुवात वहीनं करा. एका खोलीत अर्धा तास नुसतं बसा आणि माणसाच्या वावराच्या जेवढ्या खुणा दिसतील तेवढ्या लिहा. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक ऑक्टोबर 1974 मध्ये तीन दिवस पॅरिसच्या एका चौकात बसून बस, कबुतरं, येणारी-जाणारी माणसं अशा क्षुल्लक गोष्टी टिपत राहिला होता. आपल्याला एक खोली पुरे. पहिल्या दहा मिनिटांत सुचतं ते बहुतेक वरवरचं असतं. खुर्ची ओढून फरशीवर उमटलेले चरे, मधोमध झिजलेली पायरी, बटणाभोवतीचा काळपटपणा हे सगळं त्यानंतर दिसायला लागतं.

आता यादीतल्या खुणा दोन गटांत लावा, कारण दोन्हींचं चित्रण वेगळं आहे. काही खुणा थांबलेल्या असतात: चरे, खड्डे, फ्रेम काढल्यावर भिंतीवर राहिलेला चौकोन. चरे आणि खड्डे उजेड तिरपा पडल्याशिवाय दिसत नाहीत. सूर्य क्षितिजापासून 10 अंशांवर असेल तर सावली वस्तूच्या उंचीच्या साडेपाचपटीहून लांब पडते, त्यामुळे बारीकसा चराही उठून दिसतो. सूर्य दर 4 मिनिटांना सुमारे 1 अंश सरकतो. म्हणजे कॅमेरा वीस मिनिटं चालू ठेवलात तर चरा तिथेच राहतो, पण त्याची सावली बदलत जाते. ती सावली हाच तुमचा विषय. ऊन येत नसेल तर टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून आडवी धरा.

दुसऱ्या खुणा अजून विरत असतात. कुणी उठून गेल्यावर उशीत राहिलेला खळगा, ओल्या पावलाचा ठसा, खिडकीच्या काचेवरची वाफ. इथे घाई असते. स्टँड आधीच लावून ठेवा, फ्रेम ठरवा, मगच माणसाला उठू द्या. पाऊल वाळतं ते पाण्याचा थर पातळ असेल तिथून. एकदा तरी ते शेवटपर्यंत पाहा.

मोबाइल चालेल, पण फोकस आणि एक्सपोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) लॉक करा. नाहीतर ढग आला की कॅमेरा स्वतःच उजेड वाढवतो आणि जो बदल टिपायला बसलात तोच पुसला जातो. व्हाइट बॅलन्सही (रंगांची पिवळी-निळी छटा ठरवणारी सेटिंग) पक्का ठेवा. सेकंदाला 25 फ्रेम घेत असाल तर शटर, म्हणजे दर फ्रेमला उजेड आत येण्याचा वेळ, 1/50 सेकंद. जिथे वीज 50 हर्ट्झची आहे तिथे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, पण या शटरवर त्या लुकलुकण्याचे पट्टे चित्रात येत नाहीत. 60 हर्ट्झ असेल तिथे 1/60. कॅमेरा सुरू केल्यावर त्याला हात लावू नका. शक्य असेल तर खोलीबाहेर जा.

शॉट किती लांब? 1895 साली सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातल्या ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती जेमतेम 50 सेकंदांच्या असत, कारण रीळच तेवढं होतं. आपल्याला ती अडचण नाही. मी पाच मिनिटांच्या आत थांबत नाही. टाइमलॅप्स (बराच वेळ घेतलेलं चित्रण काही सेकंदांत पळवणं) मात्र करू नका. त्यात खूण लगेच कळते, पण तिच्याजवळ बसायला मिळत नाही.

आवाज खोलीचाच ठेवा, संगीत नको. मोबाइल शांततेत आपोआप आवाज चढवतो आणि सूं सूं ऐकू येते. रेकॉर्डिंगची पातळी हातानं ठरवता येत असेल तर ठरवा.

दुसऱ्याच्या खोलीत असाल तर आधी विचारा, चित्रण दाखवा आणि तो नको म्हणाला तर खोडून टाका. पत्रं आणि औषधांच्या पाकिटांवरची नावं फ्रेमबाहेरच ठेवा.

दाखवताना खूण मूळ आकारातच, मूळ उंचीवर दिसू द्या. मी त्या दिवशी पुसलेली ओली भिंत वाळताना चित्रित केली. नऊ मिनिटं लागली, आणि शेवटी भोवतालच्या भिंतीपेक्षा उजळ असा एक पट्टा उरला. तो मी प्रोजेक्टरनं दाराशेजारच्या भिंतीवर, खांद्याच्या उंचीवर लावते.