राज्याने सूट दिली तरी शहराचा नियम वेगळा असू शकतो: कट्यार, चाकू आणि बंदूक यांविषयी नव्याने आलेल्यांसाठी

भारतातून येताना शस्त्रकायद्याची जी कल्पना आपण मनात घेऊन येतो, ती अमेरिकेत फारशी उपयोगी पडत नाही. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम सबंध देशाला लागू आहे, आणि सणासुदीच्या आधी पोलीस आयुक्त शस्त्रबंदीचा जो आदेश काढतात तोही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली, म्हणजे राज्याने दिलेल्या अधिकारातूनच निघतो. महानगरपालिकेचा त्यात काही संबंध नसतो. इथे मात्र शहराची कौन्सिल स्वतःचे शस्त्रनियम करू शकते आणि ते राज्याच्या कायद्याहून कडक असू शकतात. काही राज्यांच्या विधिमंडळांनी हा अधिकार शहरांकडून काढून घेतला आहे, आणि तिथे शहराचा नियम छापील संहितेत दिसत राहिला तरी त्याचा अंमल उरत नाही. म्हणून नव्या गावी राहायला गेल्यावर राज्याचा कायदा काय म्हणतो एवढेच विचारून थांबू नका. त्या वस्तूबाबत नियम करण्याचा अधिकार राज्याने शहराला ठेवला आहे का, हेही विचारा.

आम्ही न्यू जर्सीत राहणारी मंडळी दोन मोठ्या शहरांच्या मधोमध आहोत, त्यामुळे हा फरक आम्हाला रोजच्या प्रवासात भेटतो. न्यू जर्सीचा कायदा चाकू कोणत्या परिस्थितीत जवळ आहे हे पाहतो: कायदेशीर उपयोगाला ती परिस्थिती साजेशी आहे का, हा तिथला प्रश्न. एडिसनहून गाडीने मॅनहॅटनला उतरलात की प्रश्न बदलतो. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात साध्या घडीच्या चाकूच्या पात्याला लांबीची मर्यादा नाही, पण न्यूयॉर्क शहराच्या नियमानुसार चार इंच किंवा त्याहून लांब पात्याचा चाकू रस्त्यावर, बागेत किंवा इतर सार्वजनिक जागी बाळगता येत नाही. एवढेच नव्हे, तर प्रत्यक्ष कामासाठी वापरत नसताना कोणताही चाकू उघड दिसेल असा ठेवणे हाही गुन्हा आहे. गोदामात खोकी फोडायला घेतलेला छोटा चाकू क्लिपने खिशाला अडकवून, क्लिप बाहेर दिसत असताना स्टेशनवर फिरणे, ही सवय तुम्हाला अगदी निरुपद्रवी वाटेल. तरीही ती सोडा. २०१९ साली राज्याने झटक्यासरशी उघडणाऱ्या ‘ग्रॅव्हिटी नाइफ’वरची बंदी उठवली, तेव्हा आता सगळेच मोकळे झाले असा अनेकांचा समज झाला. शहराचे लांबीचे आणि उघड दिसण्याचे नियम मात्र तसेच राहिले.

फिलाडेल्फियात गोष्ट आणखी पुढे जाते. पेनसिल्व्हेनिया राज्याने चाकूच्या पात्याला लांबीची मर्यादा घातलेली नाही, पण फिलाडेल्फियाचा नियम शस्त्र म्हणून वापरता येईल असे कोणतेही धारदार पाते सार्वजनिक रस्त्यावर बाळगायला मनाई करतो, आणि त्याच्या शिक्षेत दंडाबरोबर कैदही आहे. त्यात सूट आहे ती धंद्याचे हत्यार प्रत्यक्ष काम चालू असताना वापरणाऱ्याला. याच शहराने बंदुकांवर मात्र असे निर्बंध घालायचे ठरवले तेव्हा ते टिकले नाहीत, कारण राज्याच्या कायद्याने बंदुका आणि दारूगोळा हा विषय शहरांच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तसा निर्णय दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये शहराची बाजू पुन्हा अमान्य केली. म्हणजे एकाच शहरात चाकूबाबत पालिकेचे चालते आणि बंदुकीबाबत राज्याचे. माझ्या मते ही उलटी रचना आहे, पण तिथे राहायचे तर ती ओळखून वागले पाहिजे.

हे सारे आपल्या कार्यक्रमांनाही लागू पडते. नवरदेवाच्या हातातली लिंबू खोचलेली कट्यार, शिवजयंतीच्या मिरवणुकीतली तलवार, मर्दानी खेळातला दांडपट्टा, या सगळ्यांकडे इथला पोलीस आधी धारदार पाते म्हणूनच पाहणार. वरात रस्त्यावरून निघणार असेल तर कट्यार सभागृहापर्यंत बंद पेटीत, गाडीच्या डिकीत न्यावी आणि आतच वरपक्षाच्या हाती द्यावी; मिरवणुकीसाठी लाकडी तलवारी वापराव्यात आणि शहराच्या परवानगीच्या अर्जात त्यांचा स्पष्ट उल्लेख करावा.

नोकरी बदलून टेक्ससला जाणाऱ्यांना याच्या नेमके उलटे चित्र दिसेल. तिथे सॅन अँटोनियोसारख्या शहरांचे चाकूविषयीचे वेगळे नियम राज्याने २०१५ च्या कायद्याने निष्प्रभ केले, आणि २०१७ पासून प्रौढ व्यक्तीला कोणत्याही लांबीचा चाकू बाळगता येऊ लागला. मात्र पाते साडेपाच इंचांहून लांब असेल तर शाळा, न्यायालय, रुग्णालय अशा ठरावीक जागी ते नेता येत नाही. २०१७ च्या त्या यादीत प्रार्थनास्थळेही होती, आणि आपले मंदिर हे प्रार्थनास्थळच आहे. डॅलस किंवा ह्यूस्टनच्या मंदिरात शिवजयंती करणाऱ्या मंडळींनी तलवारी आणण्यापूर्वी हे स्थानिक वकिलाकडून पडताळून घ्यावे.

जुनी माहिती किती लवकर कालबाह्य होते याचे उदाहरण कोलोरॅडोचे आहे, आणि ते आठवले की आजही वाईट वाटते. बंदुकांबाबत राज्याच्या २००३ च्या कायद्याने शहरांचे हात बांधलेले होते. बोल्डर शहराने घातलेली ‘असॉल्ट’ म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवरची बंदी १२ मार्च २०२१ रोजी जिल्हा न्यायालयाने त्याच आधारावर रोखली. दहा दिवसांनी त्याच शहरातल्या किराणा दुकानात गोळीबार होऊन दहा माणसे मेली. त्याच वर्षी राज्याने कायदा बदलून शहरांना राज्याहून कडक नियम करण्याची मुभा दिली. त्यापूर्वी तिथे गेलेला तुमचा मित्र जे सांगेल ते आज खरे असेलच असे नाही.

बंदुकीबाबत एक गोष्ट या सगळ्या वादाच्या वर आहे. तुम्ही एच-वन-बी (नोकरीच्या), एच-फोर (त्यावरच्या कुटुंबीयांच्या) किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर संघराज्याचा कायदा तुम्हाला बंदूक आणि काडतुसे बाळगायला मुळातच मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजकेच अपवाद आहेत. शहराने किंवा राज्याने काहीही मोकळे ठेवलेले असो, सहकाऱ्याबरोबर हौसेने नेमबाजीला जाण्यापूर्वीही हा मुद्दा इमिग्रेशन वकिलाला विचारा.

पोलिसाने अडवलेच तर चाकू खिशात आहे एवढे शांतपणे सांगा, हात तिकडे नेऊ नका, आणि शहराचा नियम राज्याच्या कायद्यापुढे टिकत नाही हा युक्तिवाद रस्त्यावर करू नका; तो बरोबर असला तरी तो वकिलाने न्यायालयात मांडायचा असतो. किरकोळ आरोप कबूल करून मोकळे व्हा असा सल्ला मिळाला तर सही करण्यापूर्वी त्याचा व्हिसावर आणि ग्रीन कार्डावर काय परिणाम होईल ते लेखी मागा. कबुलीमुळे देशाबाहेर काढले जाण्याचा धोका असेल तर तो आरोपीला सांगणे हे त्याच्या वकिलाचे कर्तव्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला खटल्यात ठरवले आहे. ग्रीन कार्डाच्या अर्जात अटकेविषयी थेट प्रश्न असतो, आणि खटला पुढे रद्द झाला असला तरी त्याचे उत्तर खरेच द्यावे लागते. म्हणून न्यायालयाची कागदपत्रे प्रमाणित करून घेऊन जपून ठेवा.