कारवान पाळताना आणि प्रदर्शनात उतरवताना या चुका टाळा

सोलापूर, सांगली, लातूर या भागांत आणि सीमेपलीकडच्या विजापूर-बागलकोट पट्ट्यात पिढ्यानपिढ्या शेतावर सांभाळला गेलेला कारवान हा शिकारी कुत्रा आता पुण्या-मुंबईच्या सदनिकांपर्यंत पोहोचला आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे त्याची नोंद कारवान हाउंड या नावाने होते, इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या कागदांवर तो मुधोळ हाउंड असतो आणि कानाशेपटीला रेशमी केस असलेल्या कुत्र्याला गावाकडे पश्मी म्हणतात. भारतीय टपाल खात्याने २००५ साली चार देशी जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता; पुढे मेरठच्या लष्करी केंद्रातही या कुत्र्यांना प्रशिक्षण देण्यात आले. अशा प्रसिद्धीमुळे मागणी वाढली आणि पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यांच्या हातीही कारवानची पिल्ले जाऊ लागली. त्यांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. लॅब्रेडॉर किंवा अल्सेशियन डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले आडाखे कारवानला जसेच्या तसे लावले जातात; आहार, शिकवण, रिंगमधील (प्रदर्शनाच्या रिंगणातील) चाल, रक्ताचे अहवाल आणि म्हातारपणाची काळजी या सगळ्यांत ते चुकतात.

पिल्लू निवडताना

पंचवीस-तीस दिवसांचे पिल्लू आणणे ही पहिली आणि सर्वाधिक आढळणारी चूक होय. ‘लहान आणले की लळा लागतो’ हा त्यामागचा समज आहे. प्रत्यक्षात आईपाशी आणि भावंडांत घालवलेल्या पाचव्या ते आठव्या आठवड्यांत पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकते, आणि तो धडा माणसाला नंतर देता येणे फार कठीण असते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही, आणि अठरा महिन्यांखालील मादीपासून वेत घेता येत नाही. विक्रेता या दोन्ही गोष्टी झटकून टाकत असेल, तर सौदा तिथेच थांबवावा.

‘कागद नंतर पाठवतो’ या शब्दावर पैसे मोजणे ही दुसरी चूक. वेताची नोंद पैदासकाराने करायची असते आणि प्रत्येक पिल्लाच्या कातडीखाली मायक्रोचिप बसवून तिचा पंधरा अंकी क्रमांक नोंदणीपत्रावर यावा लागतो. क्रमांक कागदावर आहे आणि कुत्र्यात चिपच नाही, किंवा चिप आहे आणि क्रमांक जुळत नाही, असे प्रकार प्रदर्शनाच्या दिवशी उघडकीस आले की मालकाकडे उत्तर नसते. म्हणून पिल्लू ताब्यात घेतानाच चिप वाचणाऱ्या यंत्राने क्रमांक तपासून घ्यावा.

कागद असले तरी आई पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नये. जत्रेतल्या शर्यतींसाठी वेग वाढावा म्हणून ग्रेहाउंडशी केलेला संकर हा या जातीपुढचा जुना प्रश्न आहे, आणि बापाच्या धावण्याची चित्रफीत दाखवून आईबद्दल मौन बाळगणाऱ्याकडे तो असण्याची शक्यता अधिक. गावाकडचे जाणते लोक मादीची आई आणि आजीसुद्धा नावानिशी सांगतात. ही माहिती तोंडीच राहते आणि त्या माणसाबरोबर जाते, म्हणून ती तिथल्या तिथे वहीत उतरवून घ्यावी. ती वही पुढे जोडी ठरवताना उपयोगी पडते, कारण पंचक्रोशीतल्या सगळ्या माद्या एकाच गाजलेल्या नराकडे नेण्याची रीत असल्याने दोन ‘अनोळखी’ कुत्री सावत्र भावंडे निघणे मुळीच दुर्मीळ नाही.

‘हाडे दिसतात’ म्हणून वाढवलेला खुराक

सुदृढ कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेवरची हाडे दिसतातच. शेजारीपाजारी हळहळतात, मालक ओशाळतो आणि खुराक वाढवतो. वर्षभरात पोटाची वर गेलेली कमान भरून जाते आणि रिंगमध्ये परीक्षकाला जे सर्वांत आधी दिसायला हवे तेच झाकले जाते. वजनाचा अंदाज डोळ्यांऐवजी हाताने घ्यावा. पाठीच्या कण्यावरून तळवा फिरवला असता मणके स्पष्ट जाणवावेत, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना स्नायूंची घट्ट पट्टी लागावी. मणके जाणवतात आणि बाजूला खड्डा लागतो, तर कुत्रा खरोखर अशक्त आहे आणि आधी जंतांची तपासणी करावी. मणके शोधावे लागत असतील तर तो लठ्ठ आहे.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे केवळ दूध-भाकरीवर पिल्लू वाढवणे. शेतावरचा कुत्रा भाकरीवर जगतो हे खरे असले तरी तो उंदीर, घुशी आणि मेलेल्या गुराढोरांचे मांसही खात असतो. सदनिकेतल्या पिल्लाला ते मिळत नाही. अंडी, शिजवलेले मांस किंवा चांगल्या प्रतीचे तयार खाद्य यांतून प्रथिने पुरवावी लागतात. तयार खाद्य देत असताना वरून कॅल्शियमचे औषध चमचाचमचा पाजणे मात्र टाळावे, कारण लहान पिल्लाच्या शरीराला आतड्यातून शोषले जाणारे जादा कॅल्शियम पुरेसे रोखता येत नाही आणि त्याचा परिणाम हाडांच्या वाढीवर होतो. पाय वाकडे दिसू लागले की कॅल्शियम वाढवणारे मालक अनेक आहेत. तेव्हा खरी गरज क्ष-किरण तपासणीची असते.

सहा महिन्यांच्या पिल्लाला मोटरसायकलमागे डांबरी रस्त्यावर पळवणे हा तर शुद्ध अविचार होय. हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागते. तोपर्यंत मऊ मातीत, स्वतःच्या मर्जीने, हवे तेव्हा थांबण्याची मुभा असलेले धावणे पुरे. तेही कुंपण असलेल्या जागेत असावे, कारण समोर ससा उठला की कारवानला हाक ऐकू येत नाही, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकार हा गुन्हा आहे.

परक्याचा हात

प्रदर्शनात कारवान कुठे हरतो, याचे उत्तर बहुतेक वेळा त्याच्या बांध्यात सापडत नाही. दीड वर्षाचा, उंच, कोरीव डोक्याचा नर रिंगमध्ये येतो, उभाही चांगला राहतो. परीक्षक समोरून वाकून जबड्याकडे हात नेतात आणि तो मागच्या पायांवर बसत दोन पावले सरकतो, शेपटी पोटाखाली जाते, कंबर वाकते. दुसऱ्यांदा हात पुढे आला की तो गुरगुरतो. परीक्षकाला दात पाहायचे असतात, खांदे आणि बरगड्या चाचपायच्या असतात, नराच्या दोन्ही वृषणग्रंथी उतरल्या आहेत याची खात्री करायची असते. हात लावू न देणाऱ्या कुत्र्याचे मूल्यमापन ते कसे करणार? अशा वेळी मालक परीक्षकांना ‘देशी कुत्र्यांची जाण नाही’ म्हणत बाहेर पडतो. क्वचित ते खरेही असते, पण नेहमी नाही.

कारवान जात्याच परक्यापासून अंतर राखणारा आहे आणि लॅब्रेडॉरप्रमाणे तो आपणहून सगळ्यांकडे झेपावणार नाही. त्यामुळे तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यांचा काळ, ज्यात पिल्लू नवे सहजपणे स्वीकारते, त्याच्या बाबतीत अधिकच मोलाचा ठरतो. नेमका हाच काळ घराच्या चार भिंतींत जातो, कारण लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लू बाहेर काढू नये असे सांगितलेले असते. पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची, भीती रास्त आहे. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत आणि रेबीजची लस तीन महिन्यांनंतर हे वेळापत्रक चुकवू नये. पण पिल्लाला जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन पिठाच्या गिरणीवर, एसटी स्टँडवर, शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी नेता येतेच. तिथे ओळखीपाळखीच्या माणसांनी त्याच्या पाठीवर हात ठेवावा, ओठ उचलून दात पाहावेत, पंजा धरावा आणि लगेच मांसाचा तुकडा द्यावा. रोज वेगळा माणूस, दोन मिनिटे, एवढेच पुरते. तुकडा घ्यायला पिल्लू कचरले तर आग्रह करू नये, थोडे दूर जाऊन पुन्हा सुरुवात करावी. मोठ्या कुत्र्यातही ही भीती कमी करता येते, मात्र त्याला कित्येक महिने लागतात, आणि प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात सुरू केलेली तयारी ती भीती वाढवते.

रिंगमध्ये

कारवानची मान डोक्यापेक्षा बारीक नसते, त्यामुळे साधा पट्टा मागे ओढताच कानांवरून निसटतो. तो निसटू नये म्हणून आवळला किंवा बारीक साखळी घातली, तर पातळ कातडी सोलवटते. रोजच्या वापराला रुंद आणि ओढल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारा पट्टा घ्यावा. रिंगमधली हलकी दोरी वेगळी ठेवावी आणि तिची सवय घरी लावावी.

धावणारी जात म्हणून तिला रिंगभर पळवणे हा हँडलरचा, म्हणजे कुत्र्याला रिंगमध्ये फिरवणाऱ्याचा, नेहमीचा उत्साह असतो. परीक्षक दुडकी चाल पाहतात. पुढचा पाय किती लांब पडतो, मागचा किती जोर देतो, येता-जाता पाय सरळ रेषेत राहतात की नाही, हे मध्यम वेगातच दिसते. दोरी सैल हवी. नखे वाढलेली असतील तर बोटे वर उचलली जातात आणि चांगल्या पायाचीही चाल बिघडते, म्हणून नखे दर आठवड्याला थोडी थोडी घासावीत. अंगाला तेल चोळून चमक आणण्याच्या भानगडीत पडू नये; धूळ चिकटते, परीक्षकाचे हात माखतात. प्रवेशअर्जात वयोगट भरताना प्रदर्शनाच्या दिवशी असणारे वय मोजावे.

निकाल मनासारखा लागला नाही तर वाद न घालता परीक्षकांची वेळ मिळाल्यास नम्रपणे कारण विचारावे. चॅम्पियन हा किताब वेगवेगळ्या परीक्षकांकडून मिळवलेल्या चॅलेंज सर्टिफिकेटांवर (किताबासाठी मोजल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांवर) अवलंबून असतो, तो काही एका सकाळच्या निकालाने हुकत नाही. जिंकल्यावर गावात गुलाल उधळून, फटाके लावून आणि ध्वनिवर्धकापुढे उभे करून काढलेली मिरवणूक कुत्र्याच्या दृष्टीने शिक्षाच असते: गुलाल डोळ्यांत आणि नाकात जातो, आणि फटाक्यांना बिचकलेला कुत्रा पुढच्या प्रदर्शनात टाळ्यांनाही बिचकतो. सत्कार माणसांनी आपापसांत करावा.

दवाखान्यात

दृष्टीने शिकार टिपणाऱ्या शिडशिडीत जातींत चरबी फार कमी असते. ग्रेहाउंडमध्ये थायोपेंटोनसारख्या जुन्या भूल-औषधाचा अंमल धोकादायकरीत्या लांबतो हे पशुवैद्यकात प्रस्थापित आहे, म्हणून कारवानवर शस्त्रक्रिया ठरली की भुलीविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे आणि शुद्धीवर येताना त्याला उबेत ठेवण्याची व्यवस्था पाहावी. ग्रेहाउंड आणि तत्सम जातींच्या रक्तात लाल पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, प्लेटलेट कमी आणि थायरॉइडचे टी-४ हे संप्रेरक कमी आढळते. अहवालावर छापलेली ‘सामान्य’ मर्यादा या जातींची नसते. परिणामी धडधाकट कुत्र्याला जन्मभरासाठी थायरॉइडची गोळी लागू होते, किंवा प्लेटलेट पाहून गोचीड-तापाचे औषध सुरू होते. दुसरीकडे, आपल्याकडे गोचीड-ताप खरोखरच सर्रास होतो, तेव्हा उतरलेले प्लेटलेट ‘जातीचेच’ म्हणून सोडूनही चालत नाही. यावर सोपा उपाय आहे: कुत्रा दोन वर्षांचा आणि पूर्ण निरोगी असताना एकदा रक्त तपासून तो अहवाल जपून ठेवावा, पुढे प्रत्येक आजारात त्याच्याशी तुलना करावी.

गोचिडांवर शेतातले कीटकनाशक किंवा म्हशीचे औषध अंदाजाने पाण्यात मिसळून अंगावर ओतणे प्राणघातक ठरू शकते.

उतारवयात

वयाच्या आठव्या वर्षानंतर प्रदर्शने थांबतात आणि कुत्रा परसात जातो. तिथे फरशी असते. चरबीची गादी नसलेल्या कोपरांना आणि खुब्यांना आधी घट्टे आणि मग जखमा होतात. एक गोणपाट पुरत नाही, चार बोटे जाडीचे अंथरूण लागते आणि पौष-माघात अंगावर झूल लागते. गुळगुळीत टाइल्सवर त्याच्या वाटेत सतरंजीचे पट्टे घालावेत. दात किडून हिरड्या सुजलेल्या असतात आणि ‘म्हातारा झाला, म्हणून खात नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. एकाच पायाने लंगडणाऱ्या वृद्ध कुत्र्याला महिनोन्महिने तेल-मालिश करत बसू नये, कारण उंच जातींत हाडाचा कर्करोग असाच सुरू होतो.

वेते घेण्यासाठी किंवा प्रदर्शनासाठी नसबंदी न केलेल्या मादीच्या बाबतीत धोका आणखी आहे. माज संपल्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत ती पाणी फार पिऊ लागली, खाणे सुटले किंवा सुस्तावली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी; बाहेर स्राव दिसेलच असे नाही, आणि न दिसणारा प्रकार अधिक घातक असतो. त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी. वेते थांबवायचे ठरले की नसबंदीही उरकावी, ती दहाव्या वर्षी घाईघाईने करण्याची पाळी येऊ देऊ नये.

प्रदर्शनात ज्येष्ठ कुत्र्यांचा गट असेल तर त्याला जरूर आणावे, अर्थात गर्दी आणि प्रवास त्याला झेपत असेल तरच. त्याला पाहिल्यावर परीक्षकांना आणि नवशिक्यांना हा बांधा दहाव्या वर्षी कसा टिकतो ते कळते. आणि कुत्रा गेल्यावर वहीत वय आणि मृत्यूचे कारण लिहावे, नोंदणी करणाऱ्या क्लबला कळवावे, त्याची पिल्ले ज्यांच्याकडे आहेत त्यांना फोन करून कारण सांगावे. हाडाचा कर्करोग किंवा हृदयविकार निघाला असेल, तर त्या घरांत वेळीच तपासणी होऊ शकते आणि पुढची जोडी ठरवताना ती माहिती हाताशी राहते.