फ्लॅटमध्ये दुसरा राउटर लावताय? या चुका टाळा

चार-पाच विद्यार्थ्यांच्या फ्लॅटमध्ये नेट अडकलं की आधी कंपनीला फोन जातो. पण हॉलमध्ये पूर्ण स्पीड आणि आतल्या खोलीत बोंब असेल, तर दोष बहुतेक घरातच असतो.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो जुना राउटर आतल्या खोलीत लावताना. मुख्य राउटरची केबल त्याच्या लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायच्या जागी) खोचली आणि सेटिंग तसंच ठेवलं, की घरात आयपी पत्ते (नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाचे क्रमांक) वाटणारे दोघे होतात. ज्या लॅपटॉपला जुन्या राउटरने पत्ता दिला, त्याचा गेटवे, म्हणजे नेटकडे जायचं दारही तोच, आणि त्याच्यापुढे इंटरनेटच नाही. म्हणून एकाचं नेट चालतं, शेजारच्याचं बंद. वायफाय बंद-चालू केलं की कधी उलटं! केबल वॅन पोर्टात (बाहेरचं नेट आत घ्यायच्या जागी) लावली तर नेट मिळू शकतं, पण हॉलमधल्या लॅपटॉपवरून आतल्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही.

मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे असं धरू. जुना राउटर रिसेट करून फक्त लॅपटॉपला जोडा. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्या नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा आणि मगच डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणारी सोय, बंद करा. क्रम उलटा केलात तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि सेटिंगचं पान उघडेना होईल. आता लॅनमधून लॅनमध्ये केबल. वॅन पोर्ट रिकामा. मुख्य राउटरची वाटपाची रेंज (पत्त्याचा शेवटचा आकडा) १०० ते २०० ठेवा, म्हणजे २ हा आकडा दुसऱ्या कुणाला जाणार नाही.

प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि केबलवर स्पीड ९४-९५ लाच अडकतोय? राउटरचे पोर्ट गिगाबिट (१००० एमबीपीएसचे) आहेत का ते आधी बघा. असतील तर क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला प्लगमध्ये तारा बसवलेल्या असतात ते, तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी सुटली तर लिंक गुपचूप १०० वर उतरते. दोन्ही टोकांना क्रम एकच: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. केबल दाराच्या फटीत चेपू देऊ नका.

साध्या नेटवर्क स्विचमध्ये (एका केबलवरून अनेक उपकरणं जोडणाऱ्या डबीत) एकाच केबलची दोन्ही टोकं लावलीत तर सगळं घर ठप्प. साफसफाईनंतर हे हमखास होतं.

२.४ गिगाहर्ट्झवर दोन्ही राउटरना १, ६, ११ पैकी वेगवेगळे चॅनल द्या, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांत घुसणार नाहीत.

प्रिंटर गेस्ट वायफायवर ठेवू नका. तिथे उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत. विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि मुख्य राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा, नाहीतर पत्ता बदलला की प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवू लागेल.