आई-बाबांना अजिंठा-वेरूळ दाखवायचंय? किलोमीटर नको, पायऱ्या मोजा

‘फार चालायचं नाहीये, एखाद-दोन किलोमीटर असेल,’ असं सांगून ज्येष्ठांना अजिंठ्याला नेतात आणि पहिल्या पाच-सहा लेण्यांतच त्यांची दमछाक होते. त्यांना दमवतात त्या गोष्टी अंतरात धरलेल्या नसतात. चढ-उतार, रांगेत उभं राहणं, दर लेण्याशी वाकून चपला काढणं-घालणं, उंच उंबरे ओलांडणं, सगळं त्यात आलं. तेव्हा बेत आखताना हिशेब या गोष्टींचा करा.

तारीख ठरवण्याआधी आठवडाभर घरीच अंदाज घ्या. न थांबता किती मिनिटं चालता येतं, एक मजला चढल्यावर बोलताना धाप लागते का, आणि मुख्य म्हणजे उतरताना गुडघा दुखतो का, ते बघा. चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर जास्त भार उतरताना येतो. छातीत दुखत असेल किंवा थोडं चालल्यावर पोटऱ्या भरून येत असतील, तर तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. घरी जेवढं जमतं त्याच्या निम्म्यावर बेत बसवा. प्रवासातली अपुरी झोप आणि ऊन यांत उरलेलं निम्मं जातंच.

अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवार गर्दीचे. म्हणून मंगळवारी पोचून बुधवारी अजिंठा, गुरुवारी विश्रांती आणि शुक्रवारी वेरूळ, हा क्रम बरा पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये कातळ तापतो, उन्हात चालवत नाही. पावसाळ्यात अजिंठ्याच्या वाघूर नदीच्या दरीला तोड नाही हे खरं, पण ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवर काठीसुद्धा घसरते. तोल जाणाऱ्या माणसाला पावसाळ्यात नेऊ नका.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर. सकाळी निघून, लेणी बघून संध्याकाळी परत, हा बेत तरुणांसाठी. ज्येष्ठांना पाठ अवघडून उतरायचं आणि लगेच चढायचं, असं दोन्ही होतं. रेल्वेने येणाऱ्यांनी जळगावला उतरावं. तिथून लेणी साठेक किलोमीटरवर आहेत. रात्री पायथ्याच्या फर्दापूरला मुक्काम करा, सकाळी ९ वाजता लेणी उघडतात तेव्हा ताजेतवाने पोचाल, आणि दुपारी जेवून संभाजीनगरकडे निघाल. आल्या वाटेने परत जाणं वाचतं.

खाजगी गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. ती फर्दापूरच्या तिठ्यावर लावून पुढचे ४ किलोमीटर बसने जायचं असतं. गाडीतळापासून बसपर्यंतची वाट दुकानांच्या रांगेतून जाते आणि विक्रेते मागे लागतात. हे चालणं कोणीच हिशेबात धरत नाही. चालकाला सांगून ज्येष्ठांना जमेल तितकं बसच्या जवळ उतरवा. बसची पहिली पायरी उंच असते. चढवताना एकाने पुढून हात द्यावा, एकाने मागे थांबावं. दंडाला धरून वर ओढू नका. त्यांना तुमचा हात धरू द्या, तोल त्यांचा त्यांना सांभाळता येतो.

स्वच्छतागृहाला खालीच जाऊन घ्या. एकदा वर चढलं की लेण्यांच्या रांगेत तशी सोय गृहीत धरू नका. ही अडचण ओळखून बरेच ज्येष्ठ सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येते. लघवीची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची, हे डॉक्टरांना आधी विचारा. मनाने बंद करू नका. मधुमेह असेल तर खिशात साखर आणि बिस्किटं हवीतच.

तिकीट खिडकीपासून १ नंबरच्या लेण्यापर्यंत पायऱ्यांचा चढ आहे. इथेच डोली मिळते. दांड्यांना बांधलेली खुर्ची, उचलायला चार माणसं. ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणून बाबा नको म्हणतील. त्यांना सांगा, चढण्यात दम घालवला तर १ नंबरमधल्या पद्मपाणीच्या प्रसिद्ध चित्रासमोर उभं राहायला तो उरणार नाही. दरफलक बघा आणि बोलणं आधीच स्पष्ट करा: कुठल्या लेण्यापर्यंत, किती वेळ थांबायचं, जाऊन-येऊन की एकच फेरी. पैसे वाचवायला फक्त चढायची डोली करतात, ती चूक आहे. गुडघ्याची तक्रार असेल तर उतरायलाच तिची खरी गरज असते. डोली जमिनीवर पूर्ण टेकल्याशिवाय बसू-उठू देऊ नका.

लेणी तीस आहेत. ज्येष्ठांसाठी १, २ आणि १७ एवढी पुरेत. अंगात बळ उरलं तर २६. नंबर १६ चित्रांसाठी प्रसिद्ध आहे, पण १६ की १७ असा प्रश्न आला तर १७ निवडा. तिथल्या ओसरीतच सुंदर चित्रं आहेत, बाहेरच्या उजेडात दिसतात. आत जाण्याचं त्राण नसलेल्या माणसालाही ती बघता येतात.

१ नंबरमध्ये शिरल्यावर लगेच पुढे चालू नका. उन्हातून काळोखात आल्यावर म्हाताऱ्या डोळ्यांना सरावायला जास्त वेळ लागतो, आणि पडायची भीती याच क्षणी असते. उंबरा ओलांडून भिंतीला हात न लावता दोन मिनिटं उभं राहा. मग थेट मागच्या भिंतीकडे: गाभाऱ्याच्या वाटेच्या डाव्या हाताला कमळ घेतलेला पद्मपाणी, उजव्या हाताला वज्रपाणी. सगळ्या भिंती फिरत बसलात तर इथे पोचेपर्यंत पाय बोलायला लागतात. बाकीचं नंतर, जमलं तर.

२ नंबरमध्ये बघण्यासारखं आहे ते छत. मानेचा त्रास असणाऱ्याने मान वर करून बघत राहिलं की घेरी येते. त्यावर साधा उपाय म्हणजे तळहाताएवढा आरसा. छातीशी आडवा धरायचा आणि खाली बघत छत न्याहाळायचं.

चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात. नाडीचे बूट त्या दिवशी घरीच ठेवा. वेलक्रोचे, मागून बंद असलेले सँडल घाला. साधे सुती मोजे गुळगुळीत दगडावर घसरतात, तेव्हा तळाला रबराचे ठिपके असलेले घ्या. काठीचं खालचं रबर झिजून सपाट झालं असेल तर निघण्याआधी बदला. घडीचं स्टूल जरूर न्या, पण गुडघ्याच्या उंचीचं आणि चार पायांचं. ते बुटकं तीन पायांचं मिळतं त्यावर बसता येतं, उठताना मात्र दोन माणसं लागतात. आत स्टूल मांडण्याआधी रखवालदाराला विचारा.

तरुण मंडळी २६ नंबरपर्यंत जाणार असतील तर ज्येष्ठांना सावलीत बसवून एक माणूस जवळ ठेवा. भेटायची वेळ आणि जागा तोंडी ठरवा; दरीत फोनच्या भरवशावर राहू नका. डोली करून ज्येष्ठही २६ ला निघाले, तर आत शिरल्यावर डाव्या भिंतीशी असलेला महापरिनिर्वाणातला, म्हणजे अखेरच्या क्षणी आडवा पहुडलेला बुद्ध आधी दाखवा.

दुसरा दिवस रिकामा ठेवा. अजिंठ्याचा शीण त्याच रात्री नाही, दुसऱ्या सकाळी कळतो. ऊन उतरल्यावर बिबी का मकबरा बघता येईल. बागेतली वाट सपाट आहे, पायऱ्या चौथऱ्यावर जायला लागतात. न चढता खालूनही इमारत छान दिसते.

वेरूळ संभाजीनगरपासून तीसेक किलोमीटर, आणि अजिंठ्यापेक्षा पुष्कळ सोपं. १६ नंबरचं कैलास प्रवेशद्वारासमोरच आहे. त्याचं प्रांगण साधारण ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद, म्हणजे देवळाभोवतीची एक फेरी पाव किलोमीटरच्या आसपास भरते. वरच्या मजल्याच्या पायऱ्या उंच आहेत. त्या सोडल्या तरी फार बिघडत नाही. हत्ती, उत्तरेकडचा महाभारताचा पट, दक्षिणेकडचा रामायणाचा पट आणि कैलास हलवणारा रावण, सगळं खालून दिसतं. जमीन खडबडीत आहे. चाकाची खुर्ची आत न्यायची तर मोठ्या चाकांची हवी. कैलासला दीड तास द्या आणि त्यात दोनदा बसा.

बरं वाटत असेल तर १० नंबरचं चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, घ्या. लाकडी वाशांसारखं कोरलेलं छत मध्यभागी उभं राहून बघता येतं. ३० ते ३४ ही जैन लेणी उत्तरेला, किलोमीटरहून लांब आहेत. तिथपर्यंत वाहन चालू आहे का, हे तिकीट काढतानाच विचारा. नसेल तर सोडून द्या.

घृष्णेश्वर जवळच आहे आणि आई तिथे जायचंच म्हणेल. देऊळ लहान, पण रांग पाय मोडते. सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्र टाळा, आणि कैलासच्या आधी सकाळी लवकर दर्शन उरका. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा काढावा लागतो. थंडीत बाबांसाठी शाल जवळ असू द्या.

वाटेवरचा दौलताबाद चालकाने सुचवला तर चांदमिनारपर्यंत जा आणि तिथूनच वळा. तिथून पुढे खंदक, अंधारी म्हणतात ती काळोखी भुयारी वाट आणि शेकडो पायऱ्या आहेत, आणि मध्येच दमलं तरी तेवढंच उतरून यावं लागतं.