सर्जरीत हात कसा बसवायचा, आणि तो बसवता बसवता थीसिस कसा शिकायचा

एमएस जनरल सर्जरीला, म्हणजे सर्जनच्या पीजीला, सीट मिळाली, बेळगावात जॉईन झालात, पहिले काही महिने ड्रेसिंग, कॅथेटर, डिस्चार्ज समरी आणि ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभं राहणं यातच जातात, आणि कुणाला विचारलं तर एकच उत्तर, "केस मिळायला लागल्या की हात आपोआप बसतो." बसतो की, पण पेशंटच्या पोटावर बसतो. आणि थीसिसचं, म्हणजे पीजीला करावाच लागणाऱ्या संशोधन प्रबंधाचं, विचारलं तर "होतोय की गा, शेवटच्या सहा महिन्यात बसून लिहायचा." ही दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत. माझं म्हणणं असं की स्किल लॅबमधली प्रॅक्टिस आणि थीसिस ही दोन वेगळी कामं नाहीतच, प्रॅक्टिस मोजून केली, लिहून ठेवली, तर थीसिसला जे जे लागतं ते सगळं तिथंच शिकून होतं. तुमचा पहिला डेटा म्हणजे तुमचाच हात. कसं ते सांगतो.

गाठीपासून सुरू करा. दोन हातांची, मग एका हाताची, मग इन्स्ट्रुमेंट टाय, म्हणजे नीडल होल्डरनं बांधायची गाठ. खुर्चीच्या हाताला नाडी बांधून सगळेच करतात, पण तिथं तुम्ही हवं तेवढं ओढू शकता आणि तीच सवय वाईट. त्यापेक्षा चहाचा कागदी कप घ्या, तळाला दोन भोकं पाडून आतून एक रबरबँड आडवा ताणून बसवा आणि कपात बोट घालून त्या रबरबँडभोवती गाठ खाली सरकवत बसवा. कप टेबलावरून उचलला गेला की समजायचं वर ओढलंत, पोटात असतात तर सिस्टिक आर्टरी (पित्ताशयाची रक्तवाहिनी) उपटून हातात आली असती. हे जमलं की ग्लोव्हज घाला, त्यावर थोडं लिक्विड सोप चोळा आणि परत करा, कारण ओटीत हात कोरडे कधीच नसतात. दर फेऱ्याला दिशा बदलली की गाठ सपाट बसते, त्याच दिशेनं दोनदा फिरवलं की ग्रॅनी नॉट होते आणि ती घसरते. प्रॅक्टिसला एक्सपायर झालेले टाक्यांचे धागे, सिल्क, व्हिक्रिल, ओटीच्या सिस्टरना विचारून घ्या, नीट विचारलं तर देतात, फक्त डब्यावर मार्करनं ठळक "प्रॅक्टिससाठी, पेशंटला वापरू नये" लिहा आणि तो डबा ओटीच्या कपाटाच्या आसपाससुद्धा ठेवू नका.

स्किन सुचरिंगला केळ्याची साल, मग कातडीसकट चिकन लेग, एवढं पुरे. नीडल टोकापासून दोन तृतीयांशावर धरायची, कातडीत काटकोनात घालायची, पुढचं काम मनगटाचं, ढकलायचं नाही.

आता आतडं. हे मात्र जीव लावून करा, कारण अनॅस्टोमोसिस, म्हणजे आतड्याची दोन टोकं जोडणं, ओटीत पहिल्यांदा हातात येतं तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि समोर परफोरेशनचा, म्हणजे आतडं फुटलेला, पेशंट असतो. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा की वजडीतलं लहान आतडं न कापता लांबच्या लांब पाहिजे, नाहीतर तो तुकडे करून देतो. रविवारी सकाळी मागायला जाऊ नका, गर्दीत तुमच्याकडे बघणार पण नाही. धुऊन, छोट्या लांबीत कापून, पिशव्यांत फ्रीज करा आणि वापरायच्या आदल्या रात्री खाली काढून ठेवा. हे सगळं स्किल लॅबमध्ये, हॉस्टेलच्या किचनमध्ये नाही. झाल्यावर आतडं लॅबच्या नियमानं पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात.

३-० जाडीचं व्हिक्रिल घ्या, आधी इंटरप्टेड (सुटे टाके), जमलं की कंटिन्युअस (सलग). ध्यानात ठेवायचं ते सबम्युकोसा, आतल्या अस्तराच्या (म्युकोसाच्या) लगेच बाहेरचा थर, सगळी ताकद त्या थरात असते, हे हॉल्स्टेड या अमेरिकन सर्जननं १८८७ मध्येच दाखवलंय, तरी अजून म्युकोसाचे मोठमोठे घास घेऊन बाहेर फुलासारखा म्युकोसा उमलवणारे हात दिसतात. टाके तीन ते पाच मिलिमीटरवर. मेसेंटरीच्या (आतड्याला रक्त पुरवणाऱ्या पडद्याच्या) बाजूला सगळ्यात जास्त लक्ष द्या, तिथं चरबीमुळं भिंत दिसत नाही आणि लीक बहुधा तिथंच असतो. झाल्यावर एक टोक क्लॅम्प करा, दुसऱ्या टोकातून सिरिंजनं मेथिलिन ब्लू घातलेलं पाणी हळूहळू भरा आणि बघत राहा. कुठल्या टाक्यापाशी निळा थेंब आला ते लिहा, फोटो काढा. मग आतडं लांबीत कापून आतून बघा, ल्युमेन (आतली पोकळी) अरुंद केलंय का, मागची भिंत पुढच्या टाक्यात ओढली गेलीय का. आतून बघायचं बहुतेक जण टाळतात आणि शिकायचं तर तिथंच असतं.

लॅप्रोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीच्या सर्जरीसाठी, कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये चांगला ट्रेनर असेल तर उत्तम, पण चावी कुणाकडे असते आणि ते साहेब कधी सापडतात हा वेगळा विषय आहे. तर रूमवर एक बॉक्स करून घ्या. झाकणाचा प्लास्टिकचा स्टोरेज बॉक्स, वर दोन पोर्टची (इन्स्ट्रुमेंट आत घालायची) भोकं साधारण वीतभर अंतरावर, भोकांना जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे, आत एलईडी पट्टी, मधल्या बाजूला वेबकॅम. मोबाईल चालतो, पण वायफायवरून टीव्हीला कास्ट करू नका, चित्र क्षणभर मागं राहतं आणि हात त्या उशिराला जुळवून घेतो, मग ओटीत गोंधळ. वायर लावा. स्क्रीन डोळ्यांच्या समोर किंवा जरा खाली, आणि टेबल एवढं खाली की कोपर नव्वद अंशाच्या थोडं वर उघडलेलं राहील. खांदे उचलून काम केलंत तर पंधरा मिनिटात मान भरून येईल. इन्स्ट्रुमेंट म्हणाल तर, मेरीलँड किंवा ग्रास्पर या लांब चिमट्यांचं इन्सुलेशन गेलं की ते पेशंटला वापरायचं नसतं, कॉटरी (विजेनं भाजायचं यंत्र) लावल्यावर भलतीकडंच भाजतं, पण बॉक्ससाठी ते एकदम बेस्ट, स्टोअरला रीतसर लिहून मागा.

पेग बोर्ड, म्हणजे सरावाची खुंट्यांची फळी, विकत घ्यायची गरज नाही, आपण बेळगावात आहोत राव. उद्यमबागेत, आपल्या कारखान्यांच्या भागात, ज्याचा कुणी नातेवाईक, वर्गमित्र लेथवर किंवा ड्रिलवर नाही असा माणूस मला अजून भेटायचाय. एक फळी, बारा खुंट्या, दोन्ही बाजूला सहा-सहा, एवढं सांगा, चहा पिऊन होईपर्यंत देतो. खुंट्यांवर घालायला रबरी नळीचे सहा तुकडे. काम असं: डाव्या हातानं तुकडा उचलायचा, हवेतच उजव्या हातात द्यायचा, पलीकडच्या खुंटीवर घालायचा, सहाही झाले की उलट्या दिशेनं परत. सुरुवातीला वैताग येतो कारण पोर्टवर इन्स्ट्रुमेंट टेकलेलं असतं म्हणून हात डावीकडं नेला की टोक उजवीकडं जातं, आणि टीव्हीवर खोली कळत नाही. हा वैताग बॉक्समध्येच संपवायचा.

अमेरिकेत एफएलएस नावाची लॅप्रोस्कोपीची परीक्षा आहे, त्यात हाताची पाच कामं: पेग ट्रान्सफर (हेच वरचं खुंट्यांचं काम), गॉजवर गोल कापणं, एंडोलूप (तयार फास टाकून आवळणं), बाहेरून सरकवायची गाठ आणि आत बांधायची गाठ. तिथं प्रॅक्टिससाठी जी तज्ज्ञ पातळी ठरवलीय ती पेग ट्रान्सफरला ४८ सेकंद आणि आतल्या गाठीला ११२ सेकंद. आपला बोर्ड हुबेहूब तोच नसतो त्यामुळं आकड्याला चिकटून बसू नका, आपल्या युनिटमधल्या चांगला हात असलेल्या सरांना पाच मिनिटं बसवा, त्यांची वेळ घ्या, ते तुमचं टार्गेट.

आणि इथून थीसिस सुरू होतो. एक एक्सेल शीट उघडा. तारीख, काम, वेळ, चुका, व्हिडिओचा नंबर. शिकायच्या आधीच्या तीन खेपा लिहून ठेवा, तो तुमचा बेसलाईन, तो नंतर कधीच परत मिळत नाही. चूक म्हणजे काय ते आधी ठरवा: तुकडा स्क्रीनच्या बाहेर पडला तर चूक, आत पडून परत उचलला तर नाही, असं काहीतरी, आणि मधेच बदलायचं नाही. नुसती वेळ मोजली की माणूस घाई शिकतो. व्हिडिओ को-पीजीला (बरोबरच्या रेसिडेंटला) द्या, पण कुठला आधीचा कुठला नंतरचा ते सांगू नका, झालं ब्लाइंडिंग. मार्क द्यायला टोरांटोत तयार झालेला ओसॅट्स हा सर्जरीचं कौशल्य मोजायचा स्केल वापरा, सात मुद्दे, प्रत्येकी एक ते पाच, जास्तीत जास्त ३५. दोघांना वेगवेगळे मार्क द्यायला लावा आणि बघा किती फरक पडतो, गंमत वाटेल, एकाच टाक्याला एक जण चार देतो, एक जण दोन. बायोस्टॅटच्या (वैद्यकीय संख्याशास्त्राच्या) लेक्चरला इंटर-रेटर म्हणून जे डोक्यावरून गेलं होतं ते हेच. एखाद्या दिवशी फोन वाजला म्हणून दहा मिनिटं लागली तर सरासरीचं वाटोळं होतं, मीडियन (क्रमानं लावल्यावर मधला आकडा) हलत नाही, हेही आपोआप कळतं.

किती वेळ करायचं? रोज थोडं. २००६ मध्ये ३८ सर्जरी रेसिडेंटचा एक ट्रायल आला होता, मायक्रोव्हस्क्युलर अनॅस्टोमोसिस (बारीक रक्तवाहिन्या जोडणं) एका गटाला एकाच दिवसात चार सेशन देऊन शिकवलं, दुसऱ्याला तीच चार सेशन आठवड्याला एक अशी दिली, महिन्यानं तपासलं तर दुसरा गट पुढं. आणि सिम्युलेटरवरचं ओटीत खरंच उतरतं का म्हणाल तर २००२ चा १६ रेसिडेंटचा ट्रायल वाचा, सिम्युलेटरवर तयार झालेल्यांनी गॉलब्लॅडर (पित्ताशय) सोडवायला २९ टक्के कमी वेळ घेतला आणि न झालेल्यांच्या हातून गॉलब्लॅडर फाटणं किंवा भलतं भाजणं पाचपट जास्त झालं. १६ च माणसं, पण रँडमाइज्ड (चिठ्ठी टाकून गट पाडलेले), ब्लाइंडेड. थीसिस लहान असला तरी चालतो, नीट बांधलेला पाहिजे, हे त्यावरून शिका.

आता खऱ्या थीसिसचं. एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणं रिसर्च मेथडॉलॉजीचा ऑनलाईन कोर्स दुसरं सेमिस्टर संपायच्या आत करायचाय, एथिक्सचाही तसाच, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. पहिल्याच सेमिस्टरला उरकून टाका. टॉपिक गाईडनं दिलेला असतो, ठीक आहे, पण हो म्हणायच्या आधी ओटी रजिस्टर आणि वॉर्ड रजिस्टर घेऊन बसा, मागच्या वर्षी तसे पेशंट किती आले ते स्वतः मोजा आणि त्याचे निम्मेच मिळतील असं धरा. शिवाय तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्ये कधीतरी तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीला (जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कामाला) जायचंय, तेव्हा वॉर्डात तुमचे पेशंट कोण घेणार ते आधी ठरवा. आपल्या भागात डायबेटिक फूट आहे, तंबाखूमुळं पाय काळा पडलेले आहेत, हर्निया आहे, जखमेचं इन्फेक्शन आहे, लांबून टॉपिक आणायची गरज नाही.

इथली खरी अडचण फॉलोअपची. सर्जिकल साईट इन्फेक्शन (ऑपरेशनच्या जखमेचं इन्फेक्शन) म्हटलं की ३० दिवस बघावं लागतं, मेश (हर्नियाची जाळी) टाकली असेल तर ९०. आपला पेशंट चंदगडचा, खानापूरच्या कणकुंबीकडचा, सौंदत्तीचा, सावंतवाडीचा, टाके काढले की तो परत कशाला येतोय, त्यात पाऊस नाहीतर ऊसतोड. डिस्चार्जच्या दिवशी दोन फोन नंबर घ्या, एक घरचा आणि एक गावातल्या दुकानाचा किंवा शेजाऱ्याचा, आणि समोरच रिंग देऊन बघा लागतो का. जखमेचा फोटो मागवायचा असेल तर त्याची परवानगी कन्सेंटमध्येच (संमतीपत्रातच) घ्या, चेहरा नको. कन्सेंट आणि पेशंटची माहितीपत्रिका कन्नड आणि मराठी दोन्हीत पाहिजेच, भाषांतर एकाकडून करून घ्या आणि दुसऱ्याला परत इंग्रजीत करायला लावा, मग एथिक्स कमिटीकडे द्या. चिकोडीकडच्या मावशींना मराठी कळतंय म्हणून गृहीत धरू नका, आधी विचारा कुठल्या भाषेत वाचू. अंगठा असेल तर त्रयस्थ साक्षीदार, वॉर्डबॉय किंवा तुमचा को-पीजी नाही.

दोन गटांत उपचार वाटून द्यायचे असतील तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (ट्रायल नोंदवायच्या सरकारी वेबसाईटवर) नोंद करा, नंतर केलेली जर्नलवाले धरत नाहीत. स्टॅटिस्टिशियनकडे डेटा गोळा झाल्यावर जाऊ नका, आधी जा. इंटर्नना घेऊन सिम्युलेशनवरच थीसिस करायचा विचार असेल तर छान, पण त्यांचीही कन्सेंट लागते, एथिक्स लागतं, आणि "मॅडमनी सांगितलं म्हणून आलो" अशी कन्सेंट कन्सेंट नसते. बाहेर पैसे घेऊन थीसिस करून देणारे भेटतील, त्यांनी दिलेल्या टेबलवर एक्झामिनरनं एक प्रश्न विचारला की तोंड उघडता येत नाही.

पेपर किंवा पोस्टरसाठी केएससी-एएसआय (कर्नाटकातल्या सर्जनच्या संघटनेची) आणि मासिकॉन (महाराष्ट्रातली) या दोन्ही परिषदा आपल्याला जवळ, कर्नाटकातलं कॉलेज आहे म्हणून महाराष्ट्रात वाचायचं नाही असं काही नसतं, ॲबस्ट्रॅक्टची शेवटची तारीख तेवढी आधी बघून ठेवा. आणि थीसिस सबमिट झाला की पैसे उकळणाऱ्या जर्नलांचे "डियर एमिनंट प्रोफेसर" म्हणून मेल यायला लागतील, तीन दिवसात छापतो, फक्त फी भरा. तुम्ही अजून ज्युनिअर रेसिडेंट आहात. डिलीट मारा.